पंचेचाळीसची भीती, सत्तरचा अडसर

दहावी-बारावीची गुणपत्रिका आपल्याकडे सातबाऱ्याच्या उताऱ्याइतकीच जपून ठेवतात. प्लास्टिकच्या पिशवीत, घडीवर विरत आलेली, मागच्या बाजूला कुणीतरी पेनाने केलेली बेरीज. कोरेगावात भुसार मालाच्या दुकानात बसणारा, जतला पतसंस्थेत कारकुनी करणारा, वाईत मुलं मोठी झाल्यावर मोकळी झालेली गृहिणी: ज्यांना कोर्टाच्या आवारात दर तारखेला वाटतं की हे काम आपल्यालाही जमलं असतं, त्यांचं मन सगळ्यात आधी या कागदापाशी अडतं. बारावीला ४१ टक्के. इंग्रजीत काठावर पास. आता चाळिशीत कोण आपल्याला वकिलीला घेणार?

या कागदाला जेवढं महत्त्व आपण देतो, तेवढं कायद्याच्या शिक्षणाचे नियम देत नाहीत. बार कौन्सिल ऑफ इंडियाचे २००८ चे नियम तीन वर्षांच्या एलएलबीसाठी पदवीचे गुण बघतात. खुल्या गटाला ४५ टक्के, ओबीसींना ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४०. दहावी आणि बारावी रीतसर पास असावी लागते, पण तिथले टक्के या अभ्यासक्रमाला मोजले जात नाहीत. बारावीचे टक्के आडवे येतात ते बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला. चाळिशीतला माणूस सहसा त्या वाटेने जातही नाही. वयाची अडचण होती खरी. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला ३० आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला २० वर्षांची मर्यादा बार कौन्सिलने २०१६ मध्ये पुन्हा लागू केली होती, पण मार्च २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. महाराष्ट्राच्या विधी प्रवेश परीक्षेला, म्हणजे सीईटीला, आज पंचावन्न वर्षांची व्यक्ती बसली तरी वयामुळे तिचा अर्ज बाद होत नाही.

मग अडतं कुठे? अडतं अशा दोन ठिकाणी, ज्यांच्याबद्दल कुणी आधी सांगत नाही.

पहिलं ठिकाण पदवीचं. बारावी नापास झाल्यावर अनेकांनी मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारी अभ्यासक्रम करून थेट बीए केलं आहे. पदवी खरी, गुण ५५ टक्के, नोकरीत ती चाललीही. पण बार कौन्सिलच्या नियम ५ खालच्या स्पष्टीकरणात साफ लिहिलं आहे की बारावीची मूलभूत पात्रता नसताना मुक्त विद्यापीठातून थेट मिळवलेली पदवी विधी अभ्यासक्रमाला चालत नाही. बारावी पास होऊन मुक्त किंवा दूरशिक्षणातून पदवी घेतली असेल, तर ती चालते. म्हणजे हरकत मुक्त विद्यापीठाला नाही, गाळलेल्या पायरीला आहे. ज्याची बारावी राहिली आहे, त्याने खासगीरीत्या परीक्षेला बसण्याचा १७ नंबरचा फॉर्म भरून आधी बारावी करावी आणि मग पदवी. हा क्रम उलटा झाला की सीईटीत गुण पडूनही कागदपत्रांच्या तपासणीत नाव गळतं. तोवर वर्ष गेलेलं असतं, आणि फीसाठी काढलेली एफडी मोडलेली असते.

पदवीलाच ४३ टक्के असतील आणि गट खुला असेल, तर रडारड न करता दुसरी पदवी करणं हाच सरळ रस्ता आहे. काम सांभाळून तीन वर्षांत बीए होतं. राज्यशास्त्र, इतिहास किंवा समाजशास्त्र घेतलं तर ते पुढे संविधानाच्या पेपरला उपयोगी पडतं. तीन वर्षं वाया जातील असं वाटतं, पण वाचनाची मोडलेली सवय जोडायला कुणालाही एवढा काळ लागतोच.

कागदांचीही एक गोष्ट. मोठ्या वयात प्रवेश घेणाऱ्या स्त्रियांचे अर्ज सगळ्यात जास्त अडतात ते नावापायी. दहावीच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पदवीवर तिसरंच काहीतरी. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद आधीच हाताशी ठेवायला हवी. राखीव गटातून अर्ज करणाऱ्यांची जात वैधता बहुतेक वेळा काढलेलीच नसते, कारण इतकी वर्षं तिची गरज पडलेली नसते. समितीकडून वैधता यायला महिने लागतात, म्हणून सीईटीचा अर्ज भरायच्या आधी वैधतेचा अर्ज गेलेला असावा. नॉन क्रिमीलेअर चालू मुदतीतलं लागतं. मधल्या पंधरा-वीस वर्षांच्या खंडासाठी प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. काय केलं ते सरळ लिहायचं: शेती, दुकान, संसार.

सीईटीची भीती त्या मानाने फार मोठी करून ठेवली आहे. विधी अभियोग्यता, सामान्यज्ञान आणि चालू घडामोडी, तर्क, इंग्रजी असे चार भाग, पर्यायी उत्तरं, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. प्रश्नांची संख्या मधल्या काळात बदलली आहे, तेव्हा जुनी गाईड बाजूला ठेवून त्याच वर्षीची माहितीपुस्तिका वाचावी. रोज पेपर वाचणाऱ्या माणसाचं सामान्यज्ञान विशीतल्या मुलापेक्षा पक्कं असतं. तो मागे पडतो तर्काच्या प्रश्नांत आणि वेळेत. दोन महिने रोज वीस प्रश्न घड्याळ लावून सोडवले की हात बसतो.

दुसरं ठिकाण, म्हणजे खरा अडसर, प्रवेशानंतर समोर येतो, आणि तो ४५ चा नाही, ७० चा आहे.

बार कौन्सिलचा नियम १२ सांगतो की प्रत्येक विषयाच्या किमान ७० टक्के तासांना हजेरी हवी. एखाद्या विषयाला ६५ टक्के भरली असेल आणि सगळ्या विषयांची मिळून ७० असेल, तर प्राचार्य अपवाद म्हणून परीक्षेला बसू देऊ शकतात, त्याखाली नाही. आता हिशेब मांडून बघा. एका विषयाचे सत्रात ६० तास झाले तर ४२ भरावे लागतात. सुटी १८ तासांची. अठरा हा आकडा ऐकायला बरा वाटतो. पण प्रवेशफेऱ्या लांबल्या की पहिलं सत्र तुटपुंज्या आठवड्यांत बसवलं जातं, रोज एका विषयाचे दोन-दोन तास होतात, आणि नऊ दिवस गैरहजर राहिलात की सगळी सुटी संपते. तासगावकडच्या द्राक्षबागाईतदाराची ऑक्टोबर छाटणी नेमकी याच काळात येते. साताऱ्याकडच्या ऊसवाल्याला तोड कधी येईल ते कारखाना ठरवतो. हळदवाल्याची काढणी आणि शिजवणी दुसऱ्या सत्राच्या मध्यावर येऊन उभी राहते. म्हणून प्रवेश घेण्याआधी घरात बसून पुढच्या तीन हंगामांचं ठरवायला हवं: छाटणीला कोण उभं राहील, तोडीच्या वेळी बांधावर कोण. "बघू, जमेल तसं" म्हणणाऱ्यांची पहिल्या सत्रातच गळती होते. बुद्धीचा त्यात काही संबंध नसतो.

नोकरदारांचा प्रश्न आणखी कठीण. तास सकाळी ८ ते संध्याकाळी ७ याच वेळेत घ्यावेत असा नियम आहे, त्यामुळे पूर्वीची रात्रीची लॉ कॉलेजं आता नाहीत. टपालाने किंवा ऑनलाइन घेतलेल्या एलएलबीवर सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळत नाही. बार कौन्सिलच्या सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकानुसार शिक्षण चालू असताना नोकरी आहे का, असल्यास मालकाचं ना-हरकत पत्र आहे का, त्याच वेळी दुसरी नियमित पदवी चालू आहे का, हे जाहीर करावं लागतं. हजेरी बायोमेट्रिकवर आली आहे. "कॉलेजात फक्त नाव घाला, परीक्षेला या" असं सांगणारा एखादा भेटतोच. त्याच्या नादी लागू नये. सनद मागताना ही खोटी हजेरी अंगलट येऊ शकते, आणि त्याहून वाईट म्हणजे कोर्टात उभं राहिल्यावर न केलेल्या तासांची उणीव पहिल्याच उलटतपासात उघडी पडते. सकाळच्या सत्रातलं कॉलेज आणि दुपारपासूनचं काम, हीच जोडी नोकरदाराला पेलते. साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेचं इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेज आहे, सांगलीत एन. एस. सोटी लॉ कॉलेज आणि भारती विद्यापीठाचं न्यू लॉ कॉलेज. पसंतीक्रम भरण्याआधी तिथे जाऊन तासांचं वेळापत्रक प्रत्यक्ष बघावं, आणि आपल्या गावच्या एसटीचं त्याच्याशी जुळवून बघावं.

साताऱ्याजवळच्या माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे. त्यांची आख्यायिका इथल्या घराघरांत सांगतात. सावकाराच्या घरी शागिर्दी करणारा, मोठा होईपर्यंत अक्षरओळख नसलेला मुलगा, अपमान झाला म्हणून काशीला निघाला आणि पुढे पेशवाईचा न्यायाधीश झाला. निश्चय सगळे सांगतात. काशीत तो वर्षानुवर्षं पाठ घोकत बसला, लहान मुलांच्या मांडीला मांडी लावून बसला असेल, तो भाग मात्र गोष्टीत येत नाही. उशिरा शिकणाऱ्याला उपयोगाचा तोच आहे.

वर्गात बसल्यावर काय होतं? कमी गुणांच्या माणसाला वाटतं, आपली स्मरणशक्ती कच्ची. बहुतेक वेळा कच्ची असते ती वाचायची रीत. कायद्याचं कलम कादंबरीसारखं सलग वाचायचं नसतं, ते सोडवायचं असतं. मुख्य वाक्य कुठे संपतं, "परंतु" ने सुरू होणारं परंतुक त्यातून काय काढून घेतं, स्पष्टीकरण काय घालतं, उदाहरण काय दाखवतं. "च्या अधीनतेने" आलं की समजायचं, हे कलम दुसऱ्या कशाच्या तरी हाताखाली आहे. "काहीही अंतर्भूत असले तरी" आलं की हे कलम दुसऱ्यांच्या वर. इंग्रजीतलं "शॅल" आणि "मे" यांत खटला जिंकण्या-हरण्याइतकं अंतर पडू शकतं. द्विभाषी बेअर अॅक्ट, म्हणजे फक्त कायद्याच्या मजकुराचं पुस्तक, घ्यावा, डाव्या पानावरचं इंग्रजी कलम वहीत हाताने उतरवावं, खाली स्वतःच्या मराठीत लिहावं, मग उजव्या पानाशी ताडून बघावं. रोज तीन कलमं. वर्षाच्या शेवटी इंग्रजीची भीती नाहीशी होत नाही, पण तिचा जाच कमी होतो. उत्तरपत्रिका मराठीत लिहिण्याची मुभा महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आहे, आपल्याकडचं पहिल्याच आठवड्यात विचारून घ्यावं. मराठी निवडली तरी निवाडे इंग्रजीत वाचावेच लागतात, कारण उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीतच चालतं. तालुका आणि जिल्हा कोर्टात मात्र दावा, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), सरतपास (आपल्या साक्षीदाराची पहिली तपासणी), उलटतपास सगळं मराठीत होतं, आणि ते नेटकं मराठी कमावलेलं असावं लागतं.

जुनी पुस्तकं स्वस्तात मिळतात म्हणून घेऊ नयेत. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी कायद्यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. खुनाच्या शिक्षेचं ३०२ आता १०३ झालं, फसवणुकीचं ४२० आता ३१८ मध्ये, अटकपूर्व जामिनाचं ४३८ आता ४८२. मोठ्या वयाच्या विद्यार्थ्याला जुने आकडे बोलीतूनच पाठ असतात, "चारसोबीस" तर शिवीच झाली आहे. त्यामुळे हे पुसून नवं लिहायला त्याला तरुणांपेक्षा जास्त कष्ट पडतात. तरीही जुने आकडे पूर्ण विसरून चालत नाही, कारण त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांचे खटले जुन्या दंडसंहितेखालीच चालू आहेत.

आकडे पुसणं जड जातं, तसंच गावच्या समजुती पुसणंही. उशिरा शिकायला येणाऱ्याकडे एक गोष्ट भरपूर असते, ती म्हणजे जमिनीची समज. फेरफार कसा होतो, आठ अ म्हणजे काय, तलाठ्याकडे कोणती नोंद अडते, बांध कोरला की भांडण कुठवर जातं, हे वीस वर्षांच्या मुलाला पुस्तकातून शिकावं लागतं. ही समज मोलाची आहे, पण तिच्यातच खड्डाही आहे. गावात सगळे म्हणतात, सातबाऱ्यावर नाव म्हणजे मालक. कायदा असं म्हणत नाही. जमीन महसूल संहितेचं कलम १५७ नोंद खरी असल्याचं फक्त गृहीत धरतं, उलट सिद्ध होईपर्यंत. मालकी ठरते खरेदीखतावर, वाटपावर, वारसाहक्कावर. गाव म्हणतं, वीस वर्षं त्या वाटेने गाड्या जातात, वाट आमची झाली. सुविधाधिकार अधिनियम १८८२ चं कलम १५ विचारतं: वापर शांतपणे होता का, उघड होता का, अखंड होता का, आणि हक्काने होता की परवानगीने? शेजारी "जा की रं" म्हणाला म्हणून तुम्ही तीस वर्षं गेलात, तर तो हक्क नव्हे, मेहरबानी झाली. शिवाय ती वीस वर्षं दावा लावण्याआधीच्या दोन वर्षांच्या आत संपलेली असावी लागतात. चालती वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली तहसीलदारांकडे जाता येतं, पण सहा महिन्यांच्या आत. गावातली समजूत घालता घालता, पंच बसवता बसवता हे सहा महिने निघून जातात, आणि मग पक्षकार वकिलाकडे येतो. गावची समज आणि कलमाचे शब्द यांत कुठे फट आहे, ते शोधण्याची सवय पहिल्या वर्षापासून लावून घेतली, तर उशिरा आलेला माणूस तरुणांच्या पुढे निघतो.

तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात १२ आठवड्यांची इंटर्नशिप असते. शिवाय ड्राफ्टिंगचा प्रात्यक्षिक पेपर, ज्यात दावे-अर्ज वगैरेचे १५ आणि दस्तऐवजांचे १५ मसुदे स्वतः लिहायचे असतात. मूट कोर्टच्या, म्हणजे सरावासाठीच्या खोट्या कोर्टाच्या, पेपरात एक दिवाणी आणि एक फौजदारी अशा दोन खटल्यांचं निरीक्षण नोंदवायचं असतं. ही कामं वर्गातल्या मित्राच्या जर्नलवरून उतरवून देण्याची सार्वत्रिक रीत आहे. तरुणांचं त्यात नुकसान होतं, मोठ्या वयाच्या माणसाचं जास्त, कारण पुढे उमेदवारी करायला त्याच्याकडे वर्षं कमी असतात. निरीक्षणाला गेल्यावर निकालापेक्षा रोजनामा, म्हणजे दर तारखेला काय झालं त्याची कोर्टातली नोंद, बघावा. बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या खटल्यांच्या यादीत, आपला नंबर कुठे, पुकारा झाल्यावर वकील नसेल तर काय होतं, पुरशिस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) कधी देतात, निशाणी ५ च्या तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर युक्तिवाद किती मिनिटांचा होतो, बेलीफ समन्स परत आणतो तेव्हा त्यावर काय शेरा असतो.

सनदेच्या वेळी दोन-तीन गोष्टी दुकानदार आणि नोकरदारांना अवघड जातात. पूर्ण वेळ पगारी नोकरीत राहून वकिली करता येत नाही. स्वतः धंदा चालवता येत नाही, फक्त पैसा घालून कामात भाग न घेणारा निष्क्रिय भागीदार म्हणून राहता येतं. वडिलोपार्जित धंद्यातला हिस्साही ठेवता येतो, पण कारभार स्वतः बघायचा नाही. म्हणजे भुसार दुकान भावाच्या किंवा पत्नीच्या नावावर रीतसर करून त्यातून बाहेर पडावं लागतं. शेतीला अडचण नाही. सनदेची फी एकेकाळी पंधरा हजारांपासून चाळीस हजारांवर जात होती. ३० जुलै २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती कायद्यात लिहिल्याप्रमाणे ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये, इतकीच ठेवायला सांगितली. नंतर अखिल भारतीय बार परीक्षा. १०० प्रश्न, मराठीतूनही देता येते, टिपणं नसलेला बेअर अॅक्ट सोबत नेता येतो, उत्तीर्णतेला ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४०. पुन्हा तोच ४५ चा आकडा, पण ज्याने तीन वर्षं कलमं हाताने उतरवली त्याला पुस्तकात पान शोधायला वेळ लागत नाही.

पैशांचं स्पष्ट बोलायला हवं. पहिली दोन-तीन वर्षं उत्पन्न नसल्यासारखंच असतं. ज्युनिअरला ग्रामीण भागात १५ हजार आणि शहरात २० हजार विद्यावेतन द्यावं अशी बार कौन्सिलने २०२४ मध्ये शिफारस केली, पण ती बंधनकारक नाही. घरात दुसरं कमावतं माणूस नसेल तर शिक्षणाची तीन आणि नंतरची दोन अशा पाच वर्षांच्या खर्चाची सोय केल्याशिवाय या वाटेला जाऊ नये, हे कठोर वाटलं तरी खरं आहे. न्यायाधीश होण्याचा रस्ता चाळिशीत सनद घेणाऱ्याला जवळजवळ बंद असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ च्या निकालाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या पदासाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची झाली आणि वयोमर्यादा वेगळीच. मोफत विधी सेवेच्या पॅनेलवर मात्र तीन वर्षांच्या अनुभवानंतर जाता येतं. नोटरीसाठी १० वर्षं लागतात, स्त्रिया आणि मागासवर्गीयांना ७. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झालं आणि त्यात सातारा-सांगली दोन्ही आले. अपिलाच्या कामाला मुंबईला मुक्काम करावा लागायचा, तो आता सकाळी निघून संध्याकाळी परतण्याचा प्रवास झाला. संसार असलेल्या माणसाला ही सोय फार मोठी आहे.

आणि पहिला दावा स्वतः लिहायची वेळ येते, तेव्हा चतुःसीमेच्या, म्हणजे जमिनीच्या चारही बाजूंच्या हद्दींच्या, परिच्छेदावर थांबावं. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ७ नियम ३ मिळकतीचं वर्णन असं मागतो की ती जागेवर ओळखता आली पाहिजे. जुन्या खरेदीखतावरून "उत्तरेस ओढा" असं जसंच्या तसं उतरवलं जातं, आणि दहा वर्षांनी हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या दरखास्तीत बेलीफ कब्जा द्यायला जातो तेव्हा उत्तरेला ओढा नसतो, कुणीतरी तो वळवलेला असतो. मग मोजणी, हरकत, पुन्हा तारखा. म्हणून मसुदा करण्याआधी चपला घालून पक्षकारासोबत रानात जावं, चारही बांधांवरून चालावं, शेजाऱ्याचं आजचं नाव विचारावं, गट नंबर ताज्या उताऱ्याशी ताडावा, आणि मग घरी येऊन लिहावं: पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस, उत्तरेस.